काटकुळ्यांचा मेद

आपल्याकडे 'चरबी' हा शब्द बहुधा शिवी म्हणून वापरतात. पोरगा उद्धट बोलला की 'लई चरबी चढली का रे?' असे त्याला विचारले जाते. उलट, सोयरिकीच्या बैठकीत मुलाचे पोट थोडे सुटलेले दिसले तर 'खात्यापित्या घरचा आहे' म्हणून मंडळी माना डोलावतात. शिवी देणारा आणि मान डोलावणारा या दोघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत असते. चरबी म्हणजे अंगावर चढलेला एक मुका थर. भिंतीवर गिलावा असतो तसा. बारीक माणसाला हा थर नाही, म्हणून त्याला भय नाही. 'अंगात मूठभर मांस नाही, याला शुगर कशी निघाली?' हा प्रश्न युसूफ वडगावच्या परिसरात अलीकडे किती दारांत ऐकू येतो! माझ्या मते या प्रश्नातच आपली सारी गफलत भरलेली आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मेदपेशींवर लिहिणे काही गुरुजनांना आगाऊपणाचे वाटेल. त्यावर एवढेच म्हणतो की शरीर काही एका विज्ञान शाखेलाच वाटून दिलेले नाही. शिवाय पुढे जे सांगायचे आहे त्यात प्रयोगशाळेइतकाच दुष्काळ आहे, ऊसतोड आहे, तेलाचा डबा आहे. आणि हे विषय तर आपलेच आहेत.

प्रथम मेद मुका नाही हे कळले कसे, ते पाहू. १९९३ साली अमेरिकेत बोस्टन येथे होतामिशलिगिल, शारगिल आणि स्पीगलमन या तीन संशोधकांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत एक पदार्थ सापडला. त्याचे नाव टीएनएफ-आल्फा. जखम झाली, जंतू शिरले की शरीर जो दाह निर्माण करते त्या दाहाचा हा निरोप्या. जंतू नाही, जखम नाही, आणि तरी चरबी स्वतःच हा निरोप धाडीत होती! त्या निरोपाला अडविले तेव्हा त्या उंदरांच्या अंगी इन्सुलिन पुन्हा बरे लागू पडू लागले. पुढच्याच वर्षी लेप्टिन नावाचा संप्रेरक सापडला. मेंदूला 'आता पुरे' असे सांगणारा हा संप्रेरकही चरबीच बनविते. आपण जिला गिलावा समजत होतो ती बोलकी निघाली, आणि तिचे बोलणे साऱ्या शरीराला ऐकू जात होते.

निरोप धाडणारे नेमके कोण, याचा उलगडा व्हायला आणखी दहा वर्षे लागली. २००३ साली अमेरिकेतल्याच दोन गटांनी एकाच सुमारास दाखविले की फुगलेल्या चरबीत रक्तातल्या भक्षक पेशी येऊन ठाण मांडतात. या पेशींचे काम खरे तर जंतू गिळण्याचे, मेलेले उचलण्याचे. सडपातळ प्राण्याच्या चरबीत दर शंभर पेशींत त्या दहाहूनही कमी असतात. अतिलठ्ठ उंदरांत त्यांचे प्रमाण निम्म्याच्या वर गेलेले आढळले. चिंती या इटालियन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी मेलेल्या मेदपेशींभोवती कडे करून बसल्या होत्या. मढ्याभोवती गोतावळा जमावा तशा!

मेदपेशी मरतात कशाने? इथे आपल्या मराठवाड्याच्या माणसाला पुस्तकापेक्षा पेव लवकर समजेल. जमिनीखालच्या पेवात ज्वारी कोरडी आणि बेताने भरली तर वर्षानुवर्षे टिकते. ओल शिरली, हवा कोंडली, की आतल्या आत दाणा गरम होतो, नासतो, आणि त्याच्या वाफेने पेवात उतरलेला माणूस गुदमरून मेल्याच्या गोष्टी जुनी माणसे सांगतात. मेदपेशीही पेवासारखीच साठवणीची जागा. खाल्लेले जास्त झाले की ती तेलाच्या थेंबाने फुगते. फुगता फुगता रक्तवाहिनी तिला पुरत नाही, प्राणवायू कमी पडतो, पेशी त्रासते आणि शेवटी फुटते. मग भक्षक पेशींचे कडे, मग दाहाचे निरोप, मग त्या निरोपांमुळे इन्सुलिनचा हुकूम न पाळणारे यकृत आणि स्नायू. पेशीतून निसटलेली चरबीही पुन्हा त्या यकृतात आणि स्नायूंतच जाऊन बसते. हा दाह हाताला लागत नाही. गळू आले की लाली, ठणका, ऊब, सारे कळते. इथे ताप नाही, दुखणे नाही. कोंड्यातल्या विस्तवासारखा तो वर्षानुवर्षे धुमसत राहतो. रोगी दवाखान्यात जातो तेव्हा बहुधा आग छपराला पोहोचलेली असते.

आता तुपातेलाचा प्रश्न. तेलकट, तुपकट खाण्याने हा दाह वाढतो काय? प्रयोगशाळेतले उत्तर 'होय' असे आहे. तिथल्या उंदरांना जो खुराक देतात त्यातली साठ टक्के ऊर्जा चरबीची असते आणि ती चरबी मुख्यतः डुकराची. काही आठवड्यांतच त्यांची चरबी भक्षक पेशींनी भरू लागते. पामतेलात आणि प्राण्यांच्या चरबीत असणारे पामिटिक आम्ल या पेशींना चेतविते असे दिसते. २००७ साली कानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक वाट दाखविली. चरबीच्या खुराकाने उंदरांच्या आतड्यातील जंतूंचे विष थोडे थोडे रक्तात झिरपते आणि तेही दाहाला खतपाणी घालते. इतके वाचून कोणी उठून तूप बंद करील, तर त्याने जरा थांबावे. आपल्या ताटात साठ टक्के चरबी कोणाच्या बापजन्मी नव्हती आणि आजही नाही. आपले पोट भरते ते ज्वारी, गहू, तांदूळ आणि चहातल्या साखरेवर. दुसरे असे की २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, नुकताच खुराक सुरू केलेल्या उंदरांत इन्सुलिन आधी बिघडले. त्या पहिल्या बिघाडाला दाहाची गरजच पडली नाही. खुराक लांबला तेव्हाच दाहावाचून बिघाड टिकेनासा झाला. तेव्हा सारे खापर दाहाच्या माथी फोडणे बरोबर नाही, आणि दाहाचे सारे खापर एकट्या तेलाच्या माथी फोडणे तर मुळीच नाही. गरजेपेक्षा जास्त पोटात जाते, ते खर्चण्यासारखे काम अंगाला राहिले नाही, आणि साठवायला जागा थोडी, अशी ही तिहेरी गाठ आहे. तेल तिला घट्ट करते, कारण एका ग्रॅमला नऊ कॅलरी देणारा दुसरा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात नाही.

'साठवायला जागा थोडी' हे तिसरे कारण आपल्या घरचे आहे. ते सापडले पुण्यात.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना पडलेला प्रश्न आपल्या दारातलाच होता : इतकी बारीक माणसे मधुमेही कशी? १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांची पाहणी सुरू केली. लग्न झालेल्या, अजून गरोदर नसलेल्या बायकांपासून ते थेट त्यांच्या बाळांपर्यंत. जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची निघाली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आठशे ग्रॅमचा फरक! पण हा फरक सगळीकडे सारखा नव्हता. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोटातले अवयव लहान; मात्र पाठीवरची, खांद्याच्या फऱ्याखालची चरबी जवळजवळ शाबूत. दुसऱ्या एका पाहणीत पुण्याच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा इन्सुलिन जास्त आढळले. म्हणजे आईच्या पोटात अन्न तोकडे पडले तेव्हा बाळाने मांसाला कात्री लावली आणि चरबी राखून ठेवली. वाईट दिवसांची बेगमी म्हणा ना!

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघेही शिडशिडीत. उंची-वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. अंगातील चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना एकच सांगत होता. माझ्या मते हा फोटो आपल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे. तिथे लठ्ठ माणसाची चित्रे टांगलेली असतात आणि आमचा काटकुळा शेतकरी ती पाहून निर्धास्त घरी जातो.

याच दोघांनी १९९९ मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले होते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने मला ते सर्वांत मोलाचे वाटते. त्यांनी शहरी आणि खेड्यातल्या भारतीयांच्या रक्तात दाहाचे तेच निरोपे मोजले. शहरवासीयांत त्यांची पातळी चढलेली होती, खेडुतांत नव्हती. जन्म दोघांचेही बारीक आयांच्या पोटी, बांधा दोघांचाही तोच. पण एकाच्या घरी कोंडा पेटला होता आणि दुसऱ्याच्या घरी नुसता साठलेला होता.

त्या गोष्टीला आता पाव शतक उलटले. आज आपल्या गावांतल्या माणसांची तीच मोजणी केली तर आपण कोणत्या रांगेत बसू? आकडा मी सांगणार नाही, पण डोळ्यांना दिसते ते लिहितो. आपल्या आजोबांच्या पिढीत रब्बी ज्वारीच्या कडेने करडईचे काटेरी पाटे असत. जनावर आत शिरत नसे आणि घरचे तेलही होई. करडी घाण्यावर जाई आणि तेल बुधलीत येई. कण्यांवर, चटणीवर कच्चे तेल घ्यायचे ते पळीने. चटणीही जवसाची, कारळाची. मग सोयाबीन आले, करडई काढायला मजूर मिळेनात, काटे कोणाला नकोत. आज तेल येते पंधरा किलोच्या डब्यात. पळी गेली आणि धार आली. करडईच्या तेलात संपृक्त मेद दहा टक्क्यांच्या आसपास. पामतेलात जवळजवळ निम्मा. बसस्थानकावरचा वडा, शाळेच्या दारातला पाच रुपयांचा पुडा, लग्नाच्या पंगतीतील पुरी यांतले तेल कोणते हे विचारण्याची आपल्यात पद्धत नाही. कढईत ते किती वेळा तापले हे तर विचारूच नये. वनस्पती तुपातला घातक ट्रान्स मेद तरी सरकारने २०२२ पासून दोन टक्क्यांच्या आत आणला, एवढे समाधान.

मी जुन्या दिवसांचे गोडवे गात नाही. घाण्याच्या तेलाच्या ग्रॅमलाही नऊच कॅलरी असतात. आजोबांना ते बाधले नाही याचे कारण ते शुद्ध होते हे नव्हे. ते थोडे होते आणि आजोबा दिवसभर मोटेमागे होते. 'आमचा आजा वाटीभर तूप पीत होता, त्याला काही झाले नाही' असे छातीठोक सांगणारे प्रत्येक पारावर भेटतात. त्यांना माझा एवढाच सवाल आहे की तुमच्या आज्याला ती वाटी वर्षातून किती वेळा मिळत होती? 'खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी' ही म्हण आपल्या बीड जिल्ह्यात जितकी शब्दशः खरी ठरली तितकी दुसरीकडे क्वचितच ठरली असेल. आणि तीत उपाशी दिवसच जास्त होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आयांच्या पोटात सुकडी आणि मिलो होता. त्या वेळी त्यांच्या गर्भात असलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न तोडले. त्या उपासमारीत गर्भात असलेल्यांची पन्नाशीत तपासणी झाली, तेव्हा साखर पेलण्याची त्यांची ताकद उणी भरली. तो उपास काही महिन्यांचा होता. आपला किती पिढ्यांचा, हे इतिहासाच्या प्राध्यापकांनी सांगावे.

चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्यांचे स्थूल आणि कृश असे दोन प्रकार सांगितले आहेत. आजच्या ज्ञानाचा शोध प्राचीनांनी आधीच लावला होता, असा दावा मला करायचा नाही. तो दावा करणारे पुष्कळ आहेत. पण बारीक माणसालाही हा रोग जडतो हे पाहण्याची नजर या भूमीत होती आणि आपण ती हरवून बसलो, एवढे खरे. २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने साऱ्या देशातील सुमारे १ लाख १३ हजार लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे १० कोटींवर माणसे मधुमेही. वजनाने लठ्ठ २८.६ टक्के, पण पोटाने लठ्ठ ३९.५ टक्के. या दोन आकड्यांमधल्या फटीतच आमचे काटकुळे उभे आहेत. हातपाय काडीसारखे, शर्ट ढगळ, आणि शर्टाच्या आत लहानसे टणक पोट.

इथवर आले की लेखक सहसा 'तेल कमी खा' म्हणून हात जोडतो. मी ते सरसकट म्हणणार नाही, आणि माझ्या लिहिण्याचे कारणच ते आहे.

याज्ञिकांच्या त्याच सहा खेड्यांतल्या आयांनी काय खाल्ले आणि बाळ केवढे झाले, याचा ताळा २००१ मध्ये मांडला गेला. गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्यात ज्यांच्या आहारात स्निग्धांश अधिक होता त्यांची बाळे जास्त लांब आणि वजनदार होती. दूध पिणाऱ्यांची बाळे मोठी. अठ्ठाविसाव्या आठवड्यात पालेभाजी व फळे खाणाऱ्यांचीही मोठी. म्हणजे जे तेलतूप शर्टाआडच्या त्या टणक पोटाला जड होते तेच त्या पोटाच्या शेजारी राहणाऱ्या गरोदर बाईच्या ताटात कमी पडते. गावात एकच वाक्य सर्वांना सांगणारा आरोग्यप्रचार मला म्हणूनच पटत नाही. तो ऐकून ढेरीवाला आपले काही सोडत नाही. घरात तेलाची काटकसर व्हायचीच असेल तर ती सुनेच्या ताटातून सुरू होते, हे आपण सारे जाणतो. ती बिचारी तर सर्वांच्या मागून जेवते.

आणि आपल्या भागातली ही सून नुसती घरात नसते. ती कोयत्यावर असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात, रात्री मोळ्या भरायला, आणि सहा महिने पालात संसार. तिथे दूध कोठले, पालेभाजी कोठली! भाकरी, मिरचीचा ठेचा, गोड चहा. पोटात बाळ असले तरी मोळी डोक्यावर असतेच. या बाळाचे मांस कोणत्या मापाने कापले जात असेल आणि चरबी कोणत्या मापाने राखली जात असेल, याचा विचार करावा. ते बाळ पुढे शिकेल, कोयता सोडेल, नोकरीला लागेल, मोटारसायकल घेईल, आणि चाळिशीच्या आत अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रांगेत शुगरचा कागद घेऊन उभे राहील. मग सारे म्हणतील की पोराने बाहेरचे फार खाल्ले. त्यानेही खाल्ले असेल, नाही कशाला! पण कणगी लहान कोणी विणली?

उपाय सुचवायचे तर दोनच सुचवितो. तेवढे आपल्या हातातले आहेत. पहिला, शिंप्याची टेप. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका धरावा असे वैद्यकशास्त्र सांगते. जिमखान्यात वजनकाट्याशेजारी एक टेप टांगायला खर्च तो काय? प्राध्यापकांनी प्रथम मोजून घ्यावे. विद्यार्थी मागे राहणार नाहीत. (पँटचा पट्टा पोटाखाली बांधून मोजलेली कंबर हिशेबात धरू नये, ही सूचना आदरपूर्वक.)

दुसरा उपाय राष्ट्रीय सेवा योजनेचा. शिबिरात आपण दरवर्षी रस्ता झाडतो, रोपे लावतो. त्याबरोबर घरोघर जाऊन गरोदर व नवविवाहित बायकांची यादी करावी. दूध, भाजी, शेंगदाणे, जवस त्यांच्या ताटात येते का ते विचारावे. आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्या वहीशी ती यादी ताडून पाहावी. आणि कोयत्यावर निघालेल्या बाईची नोंद ती जाणार त्या कारखान्याच्या गावी कळवावी. मात्र त्यासाठी शिबिराची तारीख बदलावी लागेल. आपले शिबीर भरते डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा वस्तीवर जावे तर निम्म्या दारांना कुलूप आणि उरलेल्या दारांत म्हातारी माणसे. ज्यांच्यासाठी जायचे त्या बाया त्या वेळी कोल्हापूरकडे, नाही तर कर्नाटकातल्या कुठल्या तरी फडात असतात. शिबीर पोळ्याच्या सुमारास भरले पाहिजे. उचल घेतलेली असते, पण गाडी अजून लागलेली नसते.